शिखर मागे आहे

भिंतीला रंग द्यायचा म्हणून सूनबाईने दिवाणखान्यातले फोटो उतरवले, ओल्या फडक्याने पुसले आणि पुसता पुसता तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, हे सगळे फोटो पांढरेच आहेत की हो!"

झालं. मोजणीदारीणबाई स्वयंपाकघरातून झारा घेऊनच बाहेर आल्या. झारा हातात असला की त्यांना बोलणं नीट सुचतं.

"पांढरे नाहीत ते. धुकं आहे."

"पण सगळ्यांत?"

"सगळ्यांत. लोक जुनी नाणी जमवतात, तुझ्या सासऱ्यांनी धुकं जमवलंय. दरवर्षीचं वेगळं, काच लावून."

आरामखुर्चीत पेपर होता. पेपरामागून आवाज आला, "धुक्याच्या मागे शिखर आहे."

"ऐकलंस? शिखर मागे आहे. मी लग्न होऊन आल्यापासून ते मागेच आहे. माणसाने बोलावलं तर उंबऱ्यापर्यंत तरी येतं कोणी. हे काही यायचं नाव घेत नाही."

पेपर एकदा फडफडला आणि गप्प झाला.

मोजणीदार म्हणजे जमिनी मोजणाऱ्या खात्यातले. जन्मभर साखळी ओढली, लोकांच्या हद्दी ठरवल्या, भावाभावांतली भांडणं बांधावर उभं राहून मिटवली. मोजणीत कधी वीतभर चूक निघाली नाही असा लौकिक, आणि तो त्यांना स्वतःलाही चांगला पाठ. पण पावसाळ्यात चिखलात साखळी कोण ओढणार? म्हणून खात्याची रजा पावसातच मिळायची. जग सुट्टीवर जातं ऊन बघून, हे घर जायचं ढग बघून. मुलांच्या शाळा बुडायच्या, अंथरुणं दमट व्हायची, पण डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाची खेप चुकली नाही.

पहिल्या खेपेला उद्यान म्हटल्यावर बाई नवी चप्पल घालून निघाल्या होत्या. तिथे पोचल्यावर म्हणाल्या, "हे उद्यान? एक झोपाळा नाही, फुलांचा वाफा नाही. ह्याला आमच्याकडे रान म्हणतात." मोजणीदार तेव्हा सडपातळ होते आणि नुकतंच लग्न झालेल्या माणसाला येते तेवढी हिंमत त्यांच्या अंगात होती. म्हणाले, "इथून बर्फाचं शिखर दिसतं. तुला दाखवीन. शब्द आहे माझा."

त्या वर्षी धुकं होतं. पुढच्या वर्षीही होतं. त्या डोंगररांगेत अशी तीन-चार उद्यानं. आलटून पालटून सगळी झाली, पण परतताना त्या एका टेकाडावर थांबायचं, पाटीच्या खांबापुढे ओळीने उभं राहायचं आणि फोटो काढायचा, हे ठरलेलं. पहिल्या फोटोत दोघंच. दुसऱ्यात बाईंच्या अंगावर सैल कोट, का ते जाणत्याने जाणावं. मग कडेवर थोरला. मग थोरला खाली आणि कडेवर धाकटी. मग दोघंही उंच आणि दोघांचीही तोंडं वाकडी, कारण त्या वयात आईबापांबरोबर उभं राहायची लाज वाटते. मग धाकटी नाही, ती लग्न होऊन लांब गेली. मग सूनबाई आली, मग नात. आणि मोजणीदार आणि बाई यांचे केस वर्षावर्षाने पांढरे होत होत मागच्या धुक्याला मिळून गेले. प्रत्येक फोटोत मोजणीदार उजव्या टोकाला. उजवा हात खांद्यावरून मागे आणि बोट धुक्याकडे. शिखर मागे आहे.

"शब्द दिलाय," असं ते दरवर्षी परतताना म्हणायचे.

"हो, अजून शब्दच आहे," बाई म्हणायच्या.

यंदा मात्र दोन गोष्टी जुळून आल्या. छातीच्या डॉक्टरांनी मोजणीदारांना सांगितलं, "उंचावरची ही एक खेप करून घ्या, पुन्हा नाही." आणि थोरल्याच्या ऑफिसने त्याला रजा दिली ती भर थंडीत. आभाळ काचेसारखं स्वच्छ असतं त्या दिवसांत. मोजणीदारांनी दाढी दोनदा केली. ठेवणीतला कोट काढला. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास, गाडीत बसल्यावर नातीला शिंका सुरू.

थोरल्याने फोन पुढे लावला. फोनमधली बाई बोलायला लागली, "पुढे डावीकडे वळा."

"बंद कर तिला," मोजणीदार म्हणाले.

"बाबा, रस्ता सांगतेय ती."

"रस्ता विचारून सापडला तर त्यात आपलं काय? मी आयुष्यात कुणाला रस्ता विचारला नाही."

"ती कुठे विचारायला लावतेय? ती आपणहून सांगते."

"न विचारता सांगणारी एक बाई घरात आहे. दुसरीचा खर्च कशाला?"

"मी बोलले का काही?" मागून मोजणीदारीणबाई म्हणाल्या. "मी तर तोंडाला कुलूप लावून बसलेय. ह्या वळणावर एका वर्षी नकाशा हरणाने खाल्ला, तेव्हाही मी काही बोलले नव्हते."

"हरणाने?" नातीने शिंक अर्धी सोडली.

"तुझे आजोबा नकाशा बोनेटवर पसरून पलीकडे उभे राहिले. हरीण आलं, अर्धा जिल्हा खाल्ला आणि गेलं. ह्यांनी काय म्हणावं? 'नाहीतरी चुकीचाच होता.'"

"होताच चुकीचा," मोजणीदार म्हणाले.

"मग संध्याकाळपर्यंत आपण कुठे होतो?"

"आपण बरोबर होतो. रस्ता चुकीचा होता."

घाट चढत गेला तशी एकेक वळणं बोलायला लागली. इथे अस्वलाने उकडलेल्या अंड्यांची टोपली पळवली होती. इथे थोरल्याने वाघ म्हणून किंकाळी फोडली आणि निघाला रखवालदाराचा पिवळा कुत्रा. इथे गाडी तापली, आणि धाकटीच्या दुधासाठी उकळून ठेवलेलं पाणी इंजिनात ओतावं लागलं. ती जी रडायला लागली ती उतारावर इंजिन थंड झालं तरी थंड झाली नाही. आठवणी सगळ्यांना होत्या, पण वर्षांवर एकमत नव्हतं. त्यावरून जे भांडण झालं त्यात घाट कधी संपला कळलंही नाही.

गाडी दाट झाडीत लागली. तिथून पायवाटेने टेकाडावर जायचं. आभाळ निळंभोर होतं. मोजणीदारांनी एकदा वर पाहिलं आणि त्यांना धाप लागली. ती चढाची की आनंदाची, ते सूनबाईला कळेना.

"बाबा, जरा बसता का?"

"आता बसायचं नाही. ऐका सगळे. माना खाली. कुणी इकडेतिकडे बघायचं नाही. नेहमीच्या जागी नेहमीसारखं उभं राहायचं. मी 'वळा' म्हणेन तेव्हा एकदम वळायचं आणि बघायचं. इतकी वर्षं वाट बघितली, आता तुकड्यातुकड्याने बघायचं नाही."

"कवायतीला आणलंय की फिरायला?" बाई म्हणाल्या, पण मान त्यांनी सगळ्यांआधी खाली घातली.

एकामागून एक, जमिनीकडे बघत, पाचजणं टेकाडावर आली. पाटीचा जुना खांब होता तसाच होता. त्यावरची अक्षरं कधीच धुऊन गेली होती, लाकडी बाण तेवढा राहिला होता. मोजणीदारांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे खांबापुढे लावलं, बाणाकडे पाठ करून. समोर कठडा होता. दरवर्षी फोटो काढणारा कोणी वाटसरू त्या कठड्याला टेकूनच फोटो काढायचा. कठडा त्याच बाजूला का बांधला असेल, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या घरात विचारायची पद्धतच नाही.

यंदा कठड्यापाशी उद्यानाचा रखवालदार बसला होता. थोरल्याने त्याच्या हातात फोन दिला. "आम्ही वळलो की लगेच काढा हं."

"वळलो की?" रखवालदार म्हणाला. "बरं. वळा तुम्ही."

"सरळ बघा," मोजणीदार म्हणाले. माना वर झाल्या. मोजणीदारांनी कोटाची बटणं लावायला घेतली. ठेवणीतल्या कोटाची काजं घट्ट होती, म्हणून वेळ लागत होता.

"अहो," बाई म्हणाल्या.

"थांब."

"अहो, हे समोर एवढं मोठं पांढरं काय आहे?"

"असेल काहीतरी. तिकडे लक्ष देऊ नकोस."

"आजोबा, समोर तर—" नात म्हणाली.

"बोलायचं नाही. शिस्त."

थोरला खाकरला. सूनबाईने त्याच्या दंडाला चिमटा काढला. समोर कठड्यापलीकडे, अख्खं आभाळ अडवून, बर्फाचा डोंगर उभा होता. दूध उतू जावं आणि तसंच गोठावं तसा, माथ्यापासून खालच्या खोऱ्यापर्यंत ओघळलेला. त्याच्याकडे लक्ष न देता उभं राहायला मोजणीदारांचंच घराणं पाहिजे.

शेवटचं बटण लागलं.

"वळा!"

सगळी वळली. बाणाच्या टोकाशी, नीट फरशी घातलेल्या वाटेच्या शेवटी, एक संडास होता. दोन दारं. एकावर 'पुरुष', दुसऱ्यावर 'स्त्रिया'. पुरुषांच्या दारातून एक जाडसर गृहस्थ पट्टा आवळत बाहेर येत होता. पाच माणसं श्वास रोखून आपल्याकडे बघताहेत हे पाहून तो थबकला. आपल्या मागे काही आहे का म्हणून त्यानेही वळून पाहिलं. मग पट्टा अर्धवट सोडूनच तो झाडीत दिसेनासा झाला.

रखवालदाराने फोटो काढला. त्याला तसंच सांगितलं होतं.

"आजोबा," नात हळूच म्हणाली, "हे शिखर आहे?"

मोजणीदारांनी बाणाकडे पाहिलं, संडासाकडे पाहिलं, पुन्हा बाणाकडे पाहिलं. डोंगराकडे मात्र पाहिलं नाही.

"तिकडेच आहे साहेब, बाण बरोबर आहे," रखवालदार मदतीला आला. "पुरुषांचं डावीकडे."

"हा बाण शिखराचा आहे," मोजणीदार म्हणाले.

"शिखराला बाण कशाला लागतो, साहेब? हे काय, एवढं मोठं दिसतंय."

"धुकं असतं तेव्हा?"

"धुक्यात शिखर बघायला कोण येतंय इथे?" रखवालदार हसला. "एक कुटुंब यायचं म्हणतात. आमचे जुने साहेब सांगायचे. ऐन पावसात यायचे, संडासासमोर ओळीने उभे राहून फोटो काढायचे आणि जायचे. दरवर्षी. साहेब म्हणायचे, काही नवस असेल बिचाऱ्यांचा, हटकू नका."

सूनबाईने पदर तोंडात कोंबला. थोरला आभाळात पक्षी शोधायला लागला.

"पण संडास इथेच का बांधला?" मोजणीदारांचा आवाज आता पार खाली गेला होता.

"बांधणारा आला, त्याने साहेबांना विचारलं कुठे बांधू. साहेब म्हणाले, बाण दाखवतोय तिथे बांध. बाण आधीपासून होता ना."

आधीपासून होता. तो कुणी लावला होता हे त्या टेकाडावर दोनच माणसांना ठाऊक होतं. पहिल्या वर्षी त्या दोघांना ती पाटी वाऱ्याने उखडून चिखलात पडलेली सापडली होती. नव्या बायकोसमोर मोजणीदार स्वस्थ कसे बसतील? बाह्या सारल्या, खड्डा केला, खांब उभा केला, दगड ठोकले. दिशा कुणाला विचारावी? छे. मोजणीदारांनी धुक्यात डोळे बारीक केले आणि दिशा ठरवली. त्यांच्या एका दगड ठोकण्याने उद्यानाचा संडास कुठे बांधायचा हे ठरून गेलं होतं.

मोजणीदार खांबामागे, संडासाच्या वाटेवर असलेल्या बाकावर बसले. डांबराच्या गोळ्यांचा वास येणाऱ्या त्या कोटात ते एकाएकी फार लहान दिसायला लागले. एकच शब्द दिला होता बायकोला, आणि इतकी वर्षं तिला शिखर सांगून संडासाच्या दारी उभं केलं होतं. सगळ्यांचं लक्ष बाईंच्या तोंडाकडे. ते तोंड सबंध गल्लीला माहीत होतं. दूधवाला त्या तोंडाला भिऊन दुधात पाणी कमी घालायचा. आज त्या तोंडाला असं घबाड सापडलं होतं की उरलेलं आयुष्य बसून खाल्लं तरी संपलं नसतं.

बाई नवऱ्याशेजारी येऊन बसल्या.

"मोजणीदार, किती लोकांच्या जमिनी मोजल्यात हो तुम्ही?"

"असतील पुष्कळ."

"सगळ्या पुन्हा मोजाव्या लागतील."

मोजणीदारांनी मान आणखी खाली घातली. थोरला म्हणाला, "आई, जाऊ दे ना."

"तू मध्ये बोलू नकोस. आमचा हिशेब जुना आहे." बाईंनी पदराने नाक पुसलं. वर वारा झोंबत होता, म्हणून असेल. "अहो, ऐकताय का? खांब कुणी धरला होता?"

"काय?"

"तुम्ही दगड ठोकत होतात तेव्हा खांब कुणी धरला होता?"

"तू."

"तुम्ही मला विचारलंत, 'सरळ आहे का?' मी म्हटलं, 'सरळ आहे.' होताच सरळ. अजून आहे, बघा. वीतभर कललेला नाही. बरोबर आहे का असं तुम्ही विचारलंच नाहीत, म्हणून मीही बघितलं नाही."

मोजणीदारांनी हळूहळू मान वर केली. खांबाकडे पाहिलं. खांब खरंच सरळ होता. आणि मग, तिथवर मान वर आलीच होती म्हणून, त्यांनी खांबावरून पलीकडे पाहिलं.

बाईंनीही मान तिकडे वळवली.

"किती मोठं आहे हो," बाई म्हणाल्या.

"मी म्हणत होतोच."

"तुम्ही म्हणत होतात मागे आहे." मग बाईंचा आवाज जरा मऊ झाला. तसा तो वर्षातून एखाद्या वेळी होतो, तेव्हा ऐकून घ्यावा. "काखेत कळसा नि गावाला वळसा. पण एक सांगू? पाठ आपण त्याला कधीच दाखवली नाही. दरवर्षी तोंड करूनच उभे होतो. थोरला पोटात होता तेव्हाही, धाकटी कडेवर होती तेव्हाही. पोरांना दात आले, मिशा आल्या, सगळं त्याला दाखवून झालं. पाहुणा पुढच्या दारी येऊन बसलेला, नि आपण मागच्या दारी पाट मांडून वाट बघतोय. त्याने मात्र उठून जायचं नाव घेतलं नाही."

मोजणीदारांनी खिशातून रुमाल काढला. त्यालाही डांबराच्या गोळ्यांचा वास होता, त्यामुळे डोळ्यांना पाणी येण्याची सोय झाली.

थोडं सावरल्यावर ते उठले, खांबापाशी गेले आणि बाह्या सारायला लागले.

"बाबा, काय करताय?"

"बाण फिरवतो. चूक ती चूक."

रखवालदार धावत आला. "नको साहेब! पाया पडतो. लोक कठड्यापाशी जाऊन उभे राहतील. घाईत असतात हो."

ते पटण्यासारखं होतं. बाह्या खाली आल्या.

"निदान फोटो तरी नीट काढू," सूनबाई म्हणाली. "सगळे कठड्यापाशी या. म्हणजे मागे शिखर येईल."

"म्हणजे त्याच्याकडे पाठ करायची?" बाई म्हणाल्या. "मी नाही करणार. आत्ता कुठे त्याचं तोंड दिसलंय."

"अहो पण आई, फोटोत ते येणार नाही!"

"न येईना का. आम्ही त्याला बघायला आलोय, दुसऱ्यांना दाखवायला नाही."

मग पुन्हा खांबापुढे ओळ लागली, नेहमीच्या जागी, नेहमीसारखी. रखवालदार कठड्याला टेकून म्हणाला, "साहेब, मागे संडास येतोय."

"येऊ दे," बाई म्हणाल्या. "त्याचीही जुनी ओळख आहे."

घरी परतल्यावर भिंतीला रंग लागला. बाईंनी स्वतः उभं राहून फोटो लावून घेतले, सगळं धुकं ओळीने, आणि शेवटी यंदाचा. तेवढा एकच स्वच्छ आला आहे. दारावरची अक्षरंसुद्धा वाचता येतात. त्यापुढे पाच माणसं उभी आहेत आणि पाचही जणांचे डोळे फोटो काढणाऱ्याच्या डोक्यावरून लांब कुठेतरी लागले आहेत. असे चेहरे त्या घरातल्या दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाहीत. आणि उजव्या टोकाला मोजणीदारांचा हात, इतक्या वर्षांच्या सवयीने, खांद्यावरून मागे गेलेला आहे आणि बोट नेमकं त्या दोन दारांकडे.

परवा शेजारीण आली. सगळे फोटो बघत बघत शेवटच्यापाशी थांबली.

"अगंबाई, इथे गेला होतात? शिखर दिसलं का?"

"दिसलं," बाई म्हणाल्या. "ह्यांनी शब्द दिला होता. दाखवलं."

आरामखुर्चीतला पेपर जरासा खाली आला.

"पण मग इथे बोटाने काय दाखवतायत ते?"

पेपर होता तिथेच थांबला. बाईंनी झारा दुसऱ्या हातात घेतला. डोळ्याचं पातंही लवू न देता म्हणाल्या, "ते होय? ते स्वभावाने परोपकारी. कुणाला घाई झाली तर सोय कुठे आहे, ते दाखवतायत."

पेपर पुन्हा वर गेला आणि गदागदा हलायला लागला. त्यामागे कोणी हसत होतं की आणखी काही, ते शेजारणीला कळलं नाही. आणि विचारायची तर त्या घरात पद्धत नाही.